हेराकाजीची चुन्याची रेघ

हेराकाजी अवाले मनात काही लपवून ठेवू शकतो हे मला कळलं तेव्हा त्याचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि माझं चौऱ्याहत्तर. त्याआधीची पन्नास वर्षं मी त्याला भोळा समजत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे शहाणं कोण आणि खुळं कोण याचा घोळ नको. माझा तो घोळ फार वर्षं चालला.

काठमांडूच्या नदीपलीकडचं आमचं पाटण, त्यातली आमची आळी. हेराकाजी कौलं शाकारणारा. देवळांची, जुन्या घरांची छपरं. वाळकुडा माणूस, पाय एकावर एक रचलेल्या लगोऱ्यांसारखे डळमळीत, पण छपरावर चढला की मांजर. खाली जमिनीवर मात्र चार शब्द बोलायला त्याला चार दिवस लागायचे. सगळं बोलणं त्याच्या बायकोकडे, चिरीमैयाकडे. मी त्याला दाजू म्हणते, म्हणजे दादा, तिला भाउजू, म्हणजे वहिनी, आणि तिच्या तोंडाला अजूनही भिते.

हेराकाजीचं दुसरं काम आमच्या हिटीचं. हिटी म्हणजे जमिनीत दोन पुरुष खोल उतरलेला दगडी चौक, खाली जायला पायऱ्या, आणि भिंतीतून बाहेर आलेली मकराची तीन तोंडं. तोंडांतून पाणी. बारा महिने, तोटी नाही, मीटर नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही आलं तर. त्यामुळे अर्धी आळी हिटीवर जगते. ती सांभाळणारी गुठी, म्हणजे पिढीजात मंडळी, हेराकाजीच्या आजोबांच्या वेळी अकरा घरांची होती. कोणी जमीन विकून गेलं, कोणी परदेशी गेलं, कोणाचा वंश संपला. उरला हेराकाजी एकटा. त्याचा मुलगा पोर्तुगालात रास्पबेरी तोडतो.

हे पाणी कुठून येतं, हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकांना विचारलं तर म्हणायच्या, नाग आणतो. मी शाळेत भूगोल शिकवायचे, मला विचारलं तर मी म्हणायचे, भूजल. दोन्ही उत्तरांत माहिती सारखीच.

नाग हा हेराकाजीचा आवडता विषय. आळीत कोणी कुठे कुदळ मारायला निघालं की कधीकधी हा तिथे येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "इथे नको, इथे नाग आहे." सगळीकडे म्हणायचा नाही. ठरावीक जागीच. तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटायला हवं होतं. मी त्याला म्हणायचे, "दाजू, तुमच्या नागाला एकदा तरी कुठे फिरायला पाठवा." तो हसायचा आणि निघून जायचा.

माझ्या परसातही त्याचा एक नाग होता. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने, जोगरत्नने, घरात संडास बांधला आणि परसात टाकी खणली. जोगरत्न इंजिनिअर. हेराकाजी तेव्हा सकाळीच येऊन उभा राहिला, इथे नाग आहे म्हणाला. जोगरत्न म्हणाला, त्याला म्हणावं दोन हात सरक. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले की टाकी तिथेच राहू द्या, माझ्या चुलीपासून लांब आहे. झालं. तेव्हापासून दर वर्षी सिठी नखाच्या सणाला हेराकाजी आमच्या परसात यायचा. त्या दिवशी नाग घर सोडून जातात म्हणे, म्हणून विहिरी आणि हिट्या तेव्हाच उपसून साफ करायच्या आणि घरोघरी डाळीचे वो, म्हणजे वडे, तळायचे. तो टोपलीभर काळी माती घेऊन यायचा, टाकीच्या मागच्या खोल चरात उतरून तास-दीड तास बसायचा, नागाची पूजा म्हणून. मी चहा आणि दोन वो पाठवायचे आणि वर मनात म्हणायचे, या देशाचं काय होणार.

एकच वर्ष तो आला नाही. देवळाच्या छपरावरून पडून मांडी मोडली होती. त्याच पावसाळ्यात आळीत कावीळ आली. चाळीसच्या वर माणसं अंथरुणाला खिळली. कोपऱ्यावरच्या शिंप्याची थोरली सून सानुमैया, माझीच विद्यार्थिनी, सातवा महिना होता, ती गेली. मी शाळेत, हिटीवर, घरोघरी जाऊन बायकांना झापलं. पाणी उकळा, हिटीत कपडे धुऊ नका, शिकल्यासवरल्या तरी तुमचं डोकं चालत नाही. हिटीच्या भिंतीवर हेच लिहिलेली, माझ्या अक्षरातली पाटी ठोकली. सानुमैयाच्या सासूलाही मी सोडलं नव्हतं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आता प्रज्वलचं. प्रज्वल राजकर्णिकार, मिठाईवाल्यांचा धाकटा, हाही माझा विद्यार्थी. भूकंपात त्यांचं चौकातलं घर बसलं. नऊ वर्षं तिथे गवत होतं. मग त्याने ठरवलं की पाहुण्यांसाठी बारा खोल्यांचं हॉटेल बांधायचं. आळीत आमची वारसा समिती आहे, मी तिची सचिव. सहा महिने आम्ही त्या पोराला घाम फोडला. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या नकोत, साल वृक्षाच्या लाकडाच्या कोरीव हव्यात. दर्शनी भिंतीला पारंपरिक चकचकीत विटा. छपराला झिंगटी कौलं. आणि उंची पस्तीस फूट, एक इंच वर नाही, कारण मागचं देऊळ झाकतं. तो सगळ्याला हो म्हणाला. फक्त स्वयंपाकघर आणि भांडार कुठे घालू, म्हणाला, एक मजला वर द्या.

तेव्हा मी म्हणाले. माझेच शब्द आहेत, समितीच्या वहीतही आहेत. "वर नाही. पाहिजे तर खाली जा. जमिनीखाली कोणाला काय दिसतंय?"

खोलीत हशा पिकला आणि प्रश्न सुटला. हेराकाजी कोपऱ्यात चटईवर बसला होता, गुठीचा म्हणून त्याला बोलवायचो. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तिथे नाग आहे."

"दाजू, आता नागाची सही घेऊन नकाशा पास करायचा का?" मी म्हणाले. पुन्हा हशा. तो खाली बसला. शेजाऱ्यांच्या संमतीचा कागद फिरत आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहत होते. त्याने कागद बराच वेळ धरला. मग सही केली.

पुढे एक चमत्कारिक गोष्ट झाली. प्रज्वलने नव्या घराच्या छपराचं काम हेराकाजीला देऊ केलं. भूकंपानंतर आळीत एवढं मोठं झिंगटीचं छप्पर झालं नव्हतं, भावही चांगला होता. हेराकाजी नाही म्हणाला. गुडघे दुखतात म्हणाला. त्याच आठवड्यात मी त्याला कुंभेश्वराच्या बाजूच्या देवळावर तिसऱ्या छपरावर गवत उपटताना पाहिलं. चिरीमैया चार घरांत सांगत सुटली की म्हाताऱ्याला वेड लागलं, लक्ष्मी दारात आली तर हा तिला गुडघे दाखवतो.

वैशाखात जेसीबी आला आणि चौकात खड्डा खणायला लागला. ज्येष्ठ लागला. सिठी नखाला सहा दिवस उरले असताना, एका मंगळवारी, हिटीची डावी धार बारीक झाली. दुपारी मधली गढूळ झाली. बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला तिन्ही थांबल्या.

मी तिथेच होते. रांगेत वीस-बावीस बायका, घागरी, प्लॅस्टिकचे डबे. शेवटची धार एकदा सुरू झाली, एकदा तुटली, मग मकराच्या तोंडातून थेंब, थेंब, आणि काही नाही. एवढी शांतता हिटीत मी कधी ऐकली नव्हती. पन्नास वर्षं त्या पाण्याचा आवाज कानात होता, तो होता हेही मला तो बंद झाल्यावर कळलं. भूकंपात घरं पडली तेव्हाही या तीन धारा चालू होत्या. बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीने रिकामी घागर उगाच धारेखाली धरून ठेवली होती.

हेराकाजी पायऱ्या उतरून आला. डोक्यावरची टोपी काढून कोनाड्यात ठेवली. मधल्या मकराच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठभर चिखल बाहेर काढला. त्यात विटेचा लाल चुरा होता. त्याने तो बोटांनी चोळला, मुठीत धरला, आणि घरी गेला. टोपी तिथेच राहिली.

आळीत तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे, भूकंपाने आतून काही सरकलं. कोणी म्हणे, वरच्या बाजूच्या हॉटेलांनी खोल बोअर मारल्या. कोणी म्हणे, नाग रुसला. मी दोन अर्ज लिहिले आणि टँकर मागवला. टँकरच्या पाण्याला गंजाचा वास.

शुक्रवारी मी प्रज्वलच्या खड्ड्याकडे गेले ती भांडायला. त्याच्या पंपाची नळी गल्लीत आडवी पडली होती आणि सगळं पाणी गटारात चाललं होतं. आळीत घोटभर पाण्यासाठी मारामारी आणि याचं हे. मला पाहून तो खुशीत पुढे आला.

"मिस, नशीब बघा. बारा फुटांवर झरा लागला. उपसून उपसून हात दुखले, कमी होत नाही. तळघराचं काम झालं की टाकी बांधतो, हॉटेलला स्वतःचं पाणी."

मी नळीखाली हात धरला. ज्येष्ठातलं ऊन, आणि पाणी माठातल्यासारखं गार. ओंजळीने तोंडाला लावलं. काय सांगू. अर्धशतक जे पाणी मी रोज प्यायले ते मला गटाराच्या तोंडाशी उभं राहून ओळखू आलं. प्रज्वलने विटांच्या ढिगावर बसवलं, साखर खायला देऊ का म्हणाला. मी म्हटलं, लोटा दे.

तो लोटा घेऊन मी हेराकाजीच्या घरी गेले. तो वरच्या मजल्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता, बुधवारपासून. चिरीमैया म्हणाली, "बघा तुम्हीच. जेवत नाही, बोलत नाही. बोलत तर आधीही नव्हता, पण जेवत होता."

मी लोटा पुढे केला. तो उठून बसला, एक घोट घेतला, आणि म्हणाला, "आपलंच आहे."

"कुठून आणलं विचारा तरी."

"प्रज्वलच्या खड्ड्यातून," तो म्हणाला. "फुटलाच, तर आता काय लपवू. पाट तिथूनच जातो. त्याच्या फाटकाच्या डाव्या हाताला, अकरा फुटांवर. विटांचा पाट, वरून काळ्या मातीचा लेप."

मला आधी वाटलं, तो अंदाजाने बोलतोय. मग तो आणखी बोलला. पाट कुठे वळतो, कुठे दोन होतात, कुठे गाळ बसायला हौद आहे, सगळं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तो एवढं सलग कधी बोलला नसेल. या माणसाला सगळं ठाऊक होतं. बैठकीत ठाऊक होतं, कागद हातात होता तेव्हा ठाऊक होतं.

"मग सही का केलीत?" मी विचारलं.

"नाही म्हणायचं तर खाली कारण लिहावं लागतं, मिस. कारण न सांगायची मला शपथ आहे."

शपथ त्याच्या आजोबांनी घातलेली, आणि त्यांना त्यांच्या आजोबांनी. मकराच्या तोंडात हात घालून. पाट कुठून जातो हे गुठीबाहेर कोणाला सांगायचं नाही, गुठीतही एकालाच सांगायचं, आणि तेही बरोबर चालून, पायांनी. जुन्या काळी शत्रू शहराला वेढा घालायचा तेव्हा पाण्यात विष कालवायचा, पाट फोडायचा. म्हणून जागा गुप्त. कोणी खणायला लागलं तर एवढंच म्हणायचं, नाग आहे. तेवढ्यावर पूर्वी माणूस कुदळ खांद्यावर टाकून घरी जायचा. जो शपथ मोडेल त्याला मरताना तोंडात पाणी घालायला कोणी उरणार नाही. मुलाला त्याने फोनवर अर्धवट सुचवून पाहिलं होतं. मुलगा म्हणाला, बा, मोबाइलवरून ठिकाण पाठवा, मी जपून ठेवतो. हेराकाजीने फोन ठेवून दिला.

पाणी वाचवायला केलेली शपथ पाळून याने पाणी घालवलं होतं, आणि त्या शपथेतला एकच शब्द उघड बोलायला परवानगी होती, तो त्याने भर बैठकीत उभं राहून उच्चारला होता, आणि मी लोकांना हसवलं होतं.

चिरीमैया चुलीजवळून सगळं ऐकत होती. साठ वर्षांच्या संसारात तिलाही यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटलं ती आता कडाडणार. ती पदराला हात पुसत आली आणि नवऱ्यासमोर बसली.

"पोरगा पोर्तुगालात. तुझ्या तोंडात पाणी घालणार कोण, तर मी. ते मी कुठून आणू? टँकरचं घालू?"

हेराकाजी लोटा उचलून उरलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, भात वाढ.

सिठी नखाच्या सकाळी तो अंघोळ करून, नवी टोपी घालून निघाला. हातात बादली, बादलीत चुन्याची फक्की. शाळेच्या मागे, जिथे पूर्वी तळं होतं आणि आता कंपाउंडची भिंत आहे, तिथे त्याने पहिली मूठ टाकली. नाग गेलेले असतात त्या दिवशी, म्हणून तोच दिवस धरला असावा. मी विचारलं नाही. सगळी आळी मागून चालत होती. तो पावलं मोजत होता आणि रेघ ओढत होता. रेघ मोटारसायकलवाल्याच्या दुकानातून गेली, तिथे फरशीवर. मोमोवाल्याच्या बाकाखालून गेली. गणेशाच्या ओट्याला वळसा घालून गेली, आणि तेव्हा म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं की ओटा रस्त्यात आडवा का आहे, पाटावर भार नको म्हणून. ज्या ज्या जागी हेराकाजी किंवा त्याचे आजोबा नाग आहे म्हणून उभे राहिले होते, त्या सगळ्या जागा एकेक करून रेघेत येत होत्या. प्रज्वलच्या फाटकाच्या डाव्या हाताला रेघ खड्ड्यात उतरली. प्रज्वलने स्वतः पंप बंद केला.

तिथून हिटी सरळ समोर दिसते. मला वाटलं, संपलं. हेराकाजी डावीकडे वळला. आमच्या गल्लीत शिरला. माझ्या दारासमोर थांबला, बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "मिस, आत येऊ?"

मी नुसती बाजूला झाले. रेघ माझ्या ओसरीतून, स्वयंपाकघरातून, चुलीच्या वीतभर बाजूने परसात गेली. टाकीपाशी गेली. टाकीच्या मागच्या भिंतीला लागून, चार बोटांचंही अंतर नाही, तशी चरातून पुढे हिटीकडे गेली. जिथे तो बत्तीस वर्षं काळी माती घेऊन बसत होता, त्याच चरातून.

मी त्या चराकडे पाहत होते आणि माझं डोकं एकेक गोष्ट जोडत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं. टाकी झिरपत होती. तो दर वर्षी येऊन बाहेरून लेप देत होता. पूजा नव्हतीच ती, दुरुस्ती होती. आणि एक वर्ष तो आला नव्हता.

"सानुमैया," मी म्हणाले. मागे गल्लीत तिची सासू उभी होती.

हेराकाजीने टोपी नीट केली. हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल असं, "मला ते रोज आठवतं, मिस. तुम्हाला आज कळलं."

त्या सकाळी आळीसमोर मी काय केलं ते लिहिते आणि पुढे जाते. मी हिटीवर गेले, माझ्या अक्षरातली पाटी काढायला लागले. ती निघेना, खिळे गंजलेले. सानुमैयाच्या सासूने दगड आणून दिला. तिला सगळं कळलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. मी माफी मागितली. ती काही बोलली नाही, अजूनही बोलत नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

पुढचे तीन आठवडे भांडणात गेले. प्रज्वल म्हणाला, पाटाची बाजू सोडतो, तळघर अर्धं करतो, खर्च माझा. पण स्वयंपाकघर मग कुठे? त्याला वर अर्धा मजला हवा, मागे सारून, रस्त्यावरून न दिसणारा. समितीतले तरुण खवळले. आज याला अर्धा दिला तर उद्या दुसऱ्याला पूर्ण द्यावा लागेल, मिस, तुम्हीच तर म्हणायच्या एक इंच नाही. हो, म्हणत होते मी. देवळाचा कळस मागच्या गल्लीतून अर्धा हात झाकला जाणार आहे, मी स्वतः दोरी धरून मोजलंय, आणि मला ते डोळ्यांत खुपणार आहे मरेपर्यंत. तरी मी सही केली. वहीत यावेळी कारणही लिहिलं आणि खाली पाटाचा नकाशा जोडला. हेराकाजी पावलं सांगत गेला, मी फुटांत उतरवत गेले. त्याची एक प्रत समितीच्या दारावर लावली आहे, एक शाळेत, आणि एक पोर्तुगालात गेली. आता ती जागा आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. विष घालायचं असेल त्याने खुशाल यावं. खणणाऱ्यांची भीती जास्त आहे.

पाटाची दुरुस्ती व्हायच्या आधी माझी टाकी निघायला हवी होती. ती मी त्याच महिन्यात उपसून फोडून घेतली. संडासासाठी आता शेजारच्या चंदाकडे जाते, नवी टाकी रस्त्याच्या बाजूला होईपर्यंत. चंदाचा नवरा मला पाहिलं की वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

टाकी निघाल्यावर मागची भिंत उघडी पडली. तिच्या पलीकडे काळ्या मातीचे थर होते, एकावर एक, जुन्या पुस्तकाच्या पानांसारखे. मी मोजले. एकतीस. बत्तिसाव्याच्या जागी, थरांच्या मध्येच, तपकिरी डाग होता, बोटभर रुंद. ते सानुमैयाचं वर्ष.

हेराकाजी टोपली घेऊन आला होता. या वेळी पूजेचं नाव नव्हतं. मी त्याला विचारलं, बैठकीतली गोष्ट सोडा, शपथ सोडा, पण बत्तीस वर्षं माझ्या दारात येत होतात, माझा चहा पीत होतात. मला एकटीला, हळूच, एकदा तरी सांगावंसं वाटलं नाही?

"सांगत होतो की," तो म्हणाला. "दर वर्षी टोपली घेऊन तुमच्यासमोरून जात होतो. एकदा तरी विचाराल, काय करता म्हणून, अशी वाट पाहायचो. विचारल्यावर खोटं बोलायची शपथ नव्हती."

मी टोपली त्याच्या हातातून घेतली आणि खड्ड्यात उतरले. तो काठावर बसून सांगत होता, मिस, असं नाही, खडू धरल्यासारखं नका धरू, तळहाताने दाबा, वारा राहता कामा नये. खाली पाट कोरडा होता. प्रज्वलकडचं काम अजून आठ दिवसांचं होतं. मी दाबत राहिले.